हलक्या रुळांचा भार : बार्शी लाईट रेल्वेची बांधणी आणि देखभाल

‘बार्शी लाईट’ हे नाव मराठी बोलण्यात दीर्घकाळ संथपणाचा दाखला म्हणून विनोदात वावरले. या विनोदामागे एक भाषिक गोंधळ आहे. बोलीत ‘लाईट’ म्हणजे दिवा. इंग्रजीतील ‘लाईट रेल्वे’ ही संज्ञा मात्र कमी भांडवलात, हलक्या रुळांवर बांधलेल्या मार्गाची. संज्ञा जशीच्या तशी मराठीत आली आणि तिचा अर्थ वाटेतच राहिला. गाडी हळू चालते एवढे लोकांना दिसले. ती हळू का चालते, याचे उत्तर तिच्या नावातच होते. त्या नावाचा उलगडा करताना या मार्गाचा इतिहास बांधणीपेक्षा देखभालीच्या बाजूने वाचावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जी.आय.पी. रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. बार्शी हे बालाघाटाच्या पायथ्याचे व्यापारी शहर, परंतु लोहमार्ग त्याच्यापासून सुमारे चौतीस किलोमीटर दूर राहिला. निजामाच्या मुलखातील कापूस आणि गळिताची धान्ये घाट उतरून बार्शीच्या पेठेत येत आणि तेथून बैलगाड्यांनी बार्शी रोड स्थानकाकडे, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीकडे जात. १८८२ साली जी.आय.पी.च्या नोकरीत आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही फट हेरली. सरकारशी दीर्घ वाटाघाटी झाल्यावर १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, आणि १८९७ साली, म्हणजे दुष्काळाच्या वर्षात, बार्शी रोड ते बार्शी हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला.

कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व मार्ग टाकण्यात नाही, वजन वाटण्यात आहे. अरुंद मार्ग त्याच्या आधीही होते. पण इंजिन जड आणि डबे हलके अशा विषम भारामुळे रूळ इंजिनाच्याच मानाने घ्यावे लागत. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याने सूत्र ठरविले. लीड्सच्या किटसन कारखान्याने त्यासाठी आठ जोडचाकांची इंजिने घडविली. डबे दाबीव पोलादाचे, बोगींवर बसविलेले होते. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे रूळ पुरले; मोठ्या मार्गावरील रुळांच्या निम्म्याहूनही ते कमी होते. बार्शीचा हा धडा पुढे उलट दिशेने गेला. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे कॅलथ्रॉपनेच याच मापाने बांधली. वसाहतीत प्रयोग आणि मायदेशी त्याचा अवलंब, हा क्रम तौलनिक अभ्यासकांना अपरिचित नसावा. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची त्यानंतरही सुमारे सात दशके चालली.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. रूळ हलका असला की भांडवल वाचते, पण मजुरी वाढते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा मार्ग ऋतूगणिक आपली पातळी सोडतो. जड रूळ असा लहानसहान खळगा स्वतःच्या ताठपणावर ओलांडून नेतो, हलका रूळ त्यात वाकतो. मग स्लीपरखाली खडी पुन्हा ठासायची, वाकलेली ओळ पहारींनी सरळ करायची, सांध्यांचे बोल्ट आवळायचे, तापलेल्या रुळांना पसरायला जागा आहे ना ते पाहायचे. ही कामे ठरलेल्या मैलांपुरती नेमलेली टोळी करते. तिच्यात एक मुकादम आणि त्याचे गँगमन असतात; आणि एक चावीवाला, जो हातोडा घेऊन आपला टप्पा रोज पायी तपासतो. वेगही याच हिशेबात धरावा लागतो. हलक्या रुळावर वेग वाढविला तर आदळआपट वाढते, आणि जे काम महिन्याने करायचे ते आठवड्याने करावे लागते. म्हणजे ज्या संथपणाला लोक हसले तो देखभालीचाच एक भाग होता.

कॅलथ्रॉपचे नाव सर्व इतिहासांत आहे. चावीवाल्याचे नसते, याचे कारण केवळ वर्गभेद नव्हे. बांधणीला आरंभ आणि अंत असतो, त्यामुळे तिची कथा होते. देखभालीला तो नसतो. मौखिक परंपरेतील संहितेची चर्चा करताना आपण मूळ पाठ शोधत बसतो आणि तो पाठ पिढ्यानपिढ्या म्हणत राहिलेल्यांना ‘वाहक’ म्हणून बाजूला सारतो. तोच हा प्रकार.

मार्ग पुढे तिन्ही दिशांना वाढला : १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. एकंदर लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. लंडनमध्ये नोंदलेली ही एक कंपनी मुंबई इलाखा, निजामाचे राज्य आणि दक्षिणेतील संस्थानी मुलूख अशा तीन सत्तांतून गाडी नेत होती. कंपनीचा कारभार इंग्रजीत, निजामी हद्दीतला सरकारी व्यवहार उर्दूत, पेठेतल्या वह्या मराठीत. एकाच कापसाच्या गाठीची नोंद तीन भाषांत होत असे. कुर्डुवाडीला ती गाठ हमालाच्या पाठीवरून मोठ्या गाडीत जाई, कारण मापे जुळत नव्हती. हा माल उतरवण्या-चढवण्याचा खर्च हलक्या मार्गाच्या स्वस्ताईत सहसा मोजला जात नाही.

पंढरपूरच्या फाट्याने मात्र या रेल्वेला कागदांपलीकडचे स्थान दिले. यात्रेत प्रवाशांना डबे अपुरे पडत, तेव्हा मालडब्यांतूनही वारकरी नेले जात. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहांत आगगाडीने पंढरीस निघालेल्या स्त्रिया भेटतात. तेथे गाडीला थट्टा नाही. ती माहेरच्या वाटेवरची सोबतीण आहे. पुरुषी विनोदातली ‘बार्शी लाईट’ आणि ओवीतली गाडी ही एकाच वस्तूची दोन वाचने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली. त्यानंतरची पाच दशके हा मार्ग अरुंदच राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले. लातूर–उस्मानाबाद हा टप्पा २००७ साली आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ साली पुरा झाला. मिरजेकडची बाजू सर्वांत शेवटी जोडली गेली. जुना मार्ग उस्मानाबाद (आजचे धाराशिव) शहराला बगल देऊन येडशीवरून जाई. नवा मार्ग वळवून शहरात आणला गेला. कुर्डुवाडीचा अरुंद मार्गाचा कारखाना मात्र टिकला आणि माथेरानच्या छोट्या गाडीच्या दुरुस्तीला उपयोगी पडला.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून ‘जलदूत’ गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलला ती पोचली. पहिल्या खेपेत दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. भरलेल्या टाकीच्या एका आसावर वीस टनांच्या आसपास भार येतो, म्हणजे कॅलथ्रॉपच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. जुन्या रुळांवर ही गाडी उभीही राहू शकली नसती. रूळ बदलले असले तरी माती तीच काळी आहे; ती गाडी निघण्यापूर्वीही कोणीतरी तो टप्पा पायी तपासला होता.