मुंबईची जमीन आणि धावणाऱ्याचे पाय

इतिहासाच्या व्याख्यानात मॅरेथॉन कुठून आली, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. आधीच सांगून टाकतो, कोण किती वेगात धावलं याच्याशी आज मला काही देणंघेणं नाही. मुंबई भराव घालून तयार झाली हे आपण शाळेत शिकतो, सात बेटांची नावंही पाठ करतो. पण ही गोष्ट खऱ्या अर्थानं कळते ती पायांना. गाडीतल्या माणसाला रस्त्याचा चढ जाणवत नाही, त्याला फक्त सिग्नल जाणवतो. लांब पल्ल्याचं धावणाऱ्याला मात्र प्रत्येक चढाचा हिशेब द्यावा लागतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. मार्ग थोडाफार बदलत असतो, पण पूर्ण मॅरेथॉनची वाट साधारण अशी: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे, आणि माहीमच्या बाजूनं परत. ४२.१९५ किलोमीटर. आता यातला किती रस्ता एके काळी पाण्याखाली होता, ते बघू.

सुरुवातीचं ठिकाणच घ्या. जुनी माणसं अजून बोरीबंदर म्हणतात. बंदर! १८५३ च्या १६ एप्रिलला ठाण्याची पहिली गाडी सुटली ती इथूनच. स्टीव्हन्सची ती भव्य इमारत नंतरची, १८८८ ची. तिच्यावर एवढं बोललं गेलंय की मी पुढे जातो.

मरीन ड्राइव्ह तळहातासारखा सपाट. सपाट का, तर तो समुद्र हटवून केलेला आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॅकबेच्या भरावाची मोठी योजना निघाली, खर्च हाताबाहेर गेला, काम रखडलं, आणि लोकांनी तिला ‘लॉइडचा मूर्खपणा’ असंच नाव ठेवलं. यातला घोटाळा चव्हाट्यावर आणला तो खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं. हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्यानं त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे पुन्हा भराव पडला आणि त्या नव्या जमिनीला नाव मिळालं ते याच माणसाचं, नरिमन पॉइंट. भरावावर टीका करणाऱ्याचं नाव भरावाला! मुंबईची विनोदबुद्धी अशी आहे.

चौपाटी मागे टाकली की चढ लागतो. हे खंबाला हिल, म्हणजे जुन्या मुंबई बेटाचा कणा. परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटर उलटून गेल्यावर हाच पेडर रोड पुन्हा समोर येतो, आणि मॅरेथॉन धावलेल्या कुणालाही विचारा, तो आधी या चढाबद्दल बोलेल. चढ संपला की खाली हाजी अली, आणि पुढे परत सपाट. म्हणजे तुम्ही बेटावरून उतरून खाडीत आलात.

इथे जरा थांबतो, कारण मुंबईच्या इतिहासातली ही फार मोलाची जागा आहे. मुंबई बेट आणि वरळी बेट यांच्यामधून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि पार भायखळ्यापर्यंत पसरायचं. पायधुनी हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात: पलीकडून पाण्या-चिखलातून आलेल्या माणसानं पाय धुवायची जागा. उमरखाडी तर नावातच खाडी घेऊन बसलीय. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात ही खिंड बुजवायला बांध घातला, तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. हॉर्नबी वेलार्ड, आजचा लाला लजपतराय मार्ग. आख्यायिका अशी की बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आली, खाडीतल्या मूर्ती वर काढल्या, महालक्ष्मीचं देऊळ झालं आणि बांध टिकला. याला पुरावा म्हणून मी उभं करणार नाही. पण बघा, कागदावर बांधाला नाव लागलं गव्हर्नरचं, आणि लोकांनी आठवणीत ठेवलं रामजीला. दगड-माती वाहणाऱ्यांची नावं मात्र दोन्हीकडे नाहीत.

पाणी ही जागा अजून विसरलेलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीनं आपली जुनी हद्द दाखवून दिली.

त्याच मिठीच्या मुखावर धावणारा दोन पूल ओलांडतो, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. एक माहीम कॉजवे, १८४५ चा. त्याआधी वांद्र्याला नावेतून जावं लागे. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. दुसरा सी लिंक, ३० जून २००९ ला खुला झालेला, ५.६ किलोमीटरचा. इथे टोल आहे, आणि पायी जाणाऱ्याला एरवी मनाई. पायानं तो ओलांडता येतो तो मॅरेथॉनच्या सकाळी, तेही छातीवर नंबर लावून. खाली वरळीचा कोळीवाडा दिसतो. पुढे किनारी रस्त्याच्या वेळी तिथल्या कोळ्यांनी होड्यांना वाट मिळावी म्हणून भांडून दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. शहर ज्यांच्या पाण्यावर उभं राहिलं, त्यांना वाट मागायला भांडावं लागतं.

एक तक्रार मात्र या मार्गाबद्दल आहेच. तो सगळा पश्चिम किनारा धरून जातो. देखणी मुंबई दाखवतो. १८ जानेवारी १९८२ ला ज्या गिरणगावानं संप पुकारला, त्याची भोंगे वाजणारी मुंबई अशी कडेकडेनं कळत नाही. म्हणून ज्यांना धावायची सवय आहे त्यांना मी सांगतो, एका रविवारी टर्मिनसपासून पूर्वेला वळा, पी. डिमेलो रोड धरा आणि शिवडीच्या दिशेनं जा. हा पूर्वीचा फ्रियर रोड. गव्हर्नरचं नाव जाऊन गोदी कामगारांच्या नेत्याचं आलं. १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तो इथल्याच व्हिक्टोरिया गोदीत. ही जमीनही भरावाचीच, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. वारा खारट येतो, क्रेनची टोकं दिसतात. पण किलोमीटरमागून किलोमीटर उजव्या हाताला गोदीची भिंत आहे, आणि पाणी काही दिसत नाही.