नऊ महिने, नऊ दिवस

“नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं,” असे आपल्याकडची आई म्हणते. मंडळी, हे दिवस मोजायचे तरी कधीपासून? गर्भ राहिला तो दिवस कोणालाच दिसत नाही. डोळ्यांना दिसते ती पाळी. तेवढ्यावरून बाळंतपणाचा दिवस काढायचा, म्हणजे अंदाजच करायचा. या अंदाजालाही इतिहास आहे.

आपल्या चरकसंहितेने एक दिवस नेमून दिलाच नाही. नववा महिना लागला की दहाव्या महिन्यापर्यंतचा सारा काळ प्रसूतीचा, असे तिने सांगितले. हे ध्यानात असू द्या.

अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडातील लेडन येथे हर्मान बूरहावे हा नामांकित वैद्यकशिक्षक होता. पाळी होऊन गेली की आठवडाभरात गर्भ राहतो, असे तो मानी. पाळीनंतर एक आठवडा आणि वर नऊ महिने, ही मोजणी त्यातून आली. पुढे जर्मनीतील हायडेलबर्गचे प्राध्यापक फ्रान्झ नेगेले (1778–1851) यांनी ती पुढे मांडली, आणि आज ती ‘नेगेलेचा नियम’ म्हणूनच ओळखली जाते.

नियम अगदी सोपा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. पाळी 10 जूनला आली असेल, तर दिवस भरतात 17 मार्चला. मोजून पाहा, बरोबर 280 दिवस होतात. म्हणजे आपल्या म्हणण्यात आणि या नियमात अंतर फक्त दोन दिवसांचे!

गंमत अशी, की सस्तन प्राण्यांचे बीजांड बेअर या शास्त्रज्ञाला सापडले तेच मुळी 1827 साली. ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते, हे तर 1920 नंतरच्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांच्या संशोधनातून कळले. बूरहावेची समजूत चुकली होती, हिशेब मात्र बराचसा जमला. पण तो जमतो अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईपुरता. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचे बीजांड आठवडाभर उशिरा सुटते, आणि तारीखही तितकीच पुढे सरकते.

आपल्या खेड्यांत आणखी एक घोटाळा होतो. पाळी तिथीने लक्षात ठेवली आणि महिनेही पंचांगाचे धरले, तर नऊ महिन्यांचे सुमारे 266 दिवस भरतात. इंग्रजी नऊ महिन्यांचे होतात सुमारे 274. आठ दिवसांचा फरक तिथेच पडला! तेव्हा तिथी सांगितली, तर आधी तिची तारीख काढून घ्यावी.

1958 साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दाखवले. त्याच शहरात 1973 साली ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय काढण्याची रीत दिली. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी म्हणूनच तारखेसाठी सर्वांत भरवशाची. उशिरा केली, तर तो भरवसा कमी होतो.

एवढे होऊनही नेमक्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. बहुतेक बाळे 37 ते 42 आठवड्यांच्या दरम्यान येतात. म्हणजे चरकसंहितेने ‘दिवस’ न सांगता ‘काळ’ सांगितला, यात शहाणपण होते. कार्डावरची तारीख ही त्या काळाची मधली खूण आहे, कोर्टाची तारीख नव्हे.

म्हणून घरच्यांनी तारखेची वाट पाहत बसू नये. 37 आठवड्यांच्या आत कळा आल्या, कधीही पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तारीख न पाहता दवाखाना गाठावा. आणि तारीख उलटली, तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात तुमचा शब्द ऐकला जातो. प्रत्येक घरातल्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाला एक टिंब पडावे, एवढे आयाबहिणींना सांगा. सारा हिशेब त्या टिंबापासून सुरू होतो.