चिरगावचं जड पाणी

बुंदेलखंडातल्या जुन्या वस्त्यांत विहिरींची वाटणी पक्की असे. ‘मीठा कुआँ’ पिण्याला आणि स्वयंपाकाला, ‘खारा कुआँ’ गुरांना, भांड्यांना, बांधकामाला. चिरगावच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, की सासरी आलेल्या सुनेला आधी विहिरी दाखवत, मग देऊळ. डाळ कुठल्या पाण्यात शिजेल हे ठाऊक नसेल, तर पहिल्याच दिवशी चूल आणि सासू दोन्ही तापायच्या. घरोघर नळ आले आणि गावाची ही माहिती दोन पिढ्यांत पुसली गेली. तिची किंमत आज आपण गिझर, त्याचा रॉड आणि वॉशिंग मशीन यांच्या दुरुस्तीत मोजतो आहोत.

आमचं घराणं नेवाळकरांच्या कारकिर्दीत झाशीत आलं आणि झाशीकरच झालं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. आता मुलाकडे चिरगावात असतो. झाशीहून कानपूरच्या रस्त्यानं तीसेक किलोमीटरवरचं हे गाव हिंदी वाचकांना ठाऊक आहे ते कवी मैथिलीशरण गुप्त यांच्यामुळे. 1886 साली ते इथे जन्मले आणि त्यांची पुस्तकं ‘साहित्य-सदन, चिरगाँव’ या पत्त्यावरून देशभर गेली. त्याआधी चिरगाव ही बुंदेल्यांची छोटी जहागीर होती. 1841 साली इंग्रजांनी इथली गढी पाडली.

इथलं पाणी जड का, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त का, याचं उत्तर जमिनीत आहे. खाली बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट, अतिशय जुना आणि कठीण. पाणी साठतं ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. वरच्या मातीत जागोजाग चुन्याचे खडे, म्हणजे कंकर. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि कंकर, खडक यांतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. 

या पाण्याशी लोकांनी जुळवून घेतलं होतं. साबण जड पाण्यात फेसत नाही, कारण कॅल्शियम त्याला पकडून चिकट साका करतं. रिठ्याचं तसं होत नाही, म्हणून केसांना आणि रेशमाला रिठा. धोबी तर याहून पुढे होते. उसर, म्हणजे क्षारपड जमिनीवर फुलून येणारी पांढरी ‘रेह’ ते गोळा करत. तिच्यातला सोडा पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो आणि उरलेल्या पाण्यात कपडा स्वच्छ निघतो. रसायनशास्त्राचं नाव न घेता हे लोक पाणी हलकं करत होते.

चिरगावची गढी पडली त्याच 1841 साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनतज्ज्ञांनी चुन्याची निवळी घालून पाणी हलकं करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. जडपणा मोजायची साबणाची कसोटीही त्यांचीच. ठरावीक पाण्यात साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून बाटली हलवायची. फेस पाच मिनिटं टिकला की किती द्रावण लागलं ते पाहायचं.

इकडे हे शास्त्र रेल्वेबरोबर पोचलं. इंडियन मिडलंड रेल्वेची झाशी-कानपूर लाइन चिरगाववरून गेली आणि 1895 साली झाशीचा कारखाना उभा राहिला. वाफेच्या इंजिनाला पाणी म्हणजे जीव, आणि जड पाणी म्हणजे बॉयलरच्या नळ्यांवर दगडी थर. थर साचला की कोळसा जास्त लागतो, पत्रा तापून फुगतो. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायला काढत आणि ज्या पाण्यावर इंजिन चालायचं त्याची तपासणी होत असे.

मी नोकरीत आलो तेव्हा साबणाची कसोटी मागे पडली होती. नमुन्यात अमोनियाचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग टाकला, की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लाल जांभळं होतं आणि एका थेंबासरशी निळं. तिथे हात थांबवायचा आणि जडपणाचा आकडा लिहायचा. पाण्याच्या प्रत्येक ठिकाणासमोर त्याचा आकडा, ही शिस्त मी तिथे शिकलो.

घरांत ही शिस्त कधी आलीच नाही. 1959 साली सर्फ आणि 1969 साली निरमा आली. डिटर्जंट जड पाण्यातही फेसतं, त्यामुळे कपड्यांपुरता प्रश्न झाकला गेला. मग पाणी तापवायची उपकरणं आली आणि रेल्वेचा जुना त्रास घराघरांत शिरला. हिशेब सोपा आहे. लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणाचं 20 लिटर पाणी रोज तापवलं, तर त्यात 8 ग्रॅम चुना असतो. त्याचा पाव भाग जरी खाली बसला तरी महिन्याला 60 ग्रॅम. आमच्या घरातला रॉड मी सुरीनं खरवडला तेव्हा थर पापुद्र्यांनी निघाला. वरचा भुरका पांढरा, आतला धातूला घट्ट चिकटलेला आणि करपून तपकिरी. आत अडकलेल्या उष्णतेनं रॉड जळतो, आणि आपण म्हणतो कंपनी वाईट. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तो रात्रभर ठेवला असता तर थर विरघळला असता.

मोजणीची ही शिस्त कुठे आहे ते पाहायचं, तर जवळच परीछा आहे. तिथे 1880च्या दशकात बेतवा नदीवर बंधारा बांधून कालवा काढला, आणि पुढे शंभर वर्षांनी औष्णिक वीज केंद्र आलं. अशा केंद्राच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यातून क्षार जवळजवळ पूर्ण काढतात आणि त्याची सतत मोजणी ठेवतात. त्याच विजेवर तापणाऱ्या घरच्या गिझरमध्ये काय जातं, हे मात्र घरमालकाला माहीत नसतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे जड पाणी विष नव्हे. घाबरून प्रत्येकानं आरओ बसवला, तर दुष्काळी मुलखात पिण्याच्या पाण्याहून जास्त पाणी मोरीत जाईल. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे बुंदेलखंडातल्या अनेक गावांना आता नदी-धरणांचं पाणी मिळतं आहे. ते बहुधा बोअरच्या पाण्याहून हलकं असतं. पण बऱ्याच घरांत नळ आणि बोअर दोन्ही आहेत, आणि छतावरच्या टाकीत दोन्ही मिसळतात.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे: प्रत्येक बोअरवर आणि पाणीपुरवठ्याच्या टाकीवर जडपणाचा आकडा रंगवा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. ही चाचणी कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलं करू शकतात. मग गिझरला नळाचं पाणी जोडायचं, अंगण धुवायला बोअरचं वापरायचं, हे घरातली बाई स्वतःच ठरवेल. विहिरींच्या काळात ती हेच ठरवत होती, कारण गाव तिला सांगत होतं. आता गावानं तिला आकड्यात सांगावं.