‘अमुक झालं की तमुक’: अभ्यासातली चालढकल मोडणारी साधी युक्ती

‘उद्यापासून रोज चार तास अभ्यास’ हा संकल्प दहावीचा विद्यार्थीही करतो आणि एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसणाराही. इच्छा खरी असते, तरी जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्रीच पूर्ण होतं. असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

चालढकल म्हणजे आळस नव्हे

आळशी माणसाला काम करायचंच नसतं. चालढकल करणाऱ्याला मात्र काम करायचं असतं, उशिराचं नुकसानही कळत असतं. तरी तो ते पुढे ढकलतो. टिमोथी पिचिल यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांच्या मते यामागे बहुतेकदा भावना असतात. अवघड धडा समोर आला की कंटाळा किंवा भीती वाटते. मोबाइल हातात घेतला की ती भावना थोडा वेळ टळते. अभ्यास मात्र तसाच राहतो.

संकेत म्हणजे काय?

‘मी अभ्यास करेन’ या वाक्यात कधी, कुठे आणि नेमकं काय, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे रोज नव्याने मनाशी वाद घालावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर सोपा मार्ग मांडला: ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं आधीच ठरवून ठेवायचं. यातलं ‘अमुक’ म्हणजे संकेत.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून ४८ तासांत पाठवायचा होता. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी काम वेळेत केलं. ज्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं.

चांगला संकेत कसा निवडायचा?

• रोज न चुकता घडणारी गोष्ट निवडा. ‘वेळ मिळाला की’ हा संकेत नाही. ‘क्लासवरून येऊन दप्तर ठेवलं की’ हा संकेत आहे.

• पहिली कृती अगदी लहान ठेवा. ‘चहाचा कप विसळून ठेवला की गणिताची वही उघडून एक उदाहरण सोडवेन.’ सुरुवात झाली की पुढची उदाहरणं तितकी जड वाटत नाहीत.

• अडथळ्यासाठीही वाक्य ठरवा. ‘अभ्यास करताना मोबाइलकडे हात गेला की तो दुसऱ्या खोलीत ठेवून येईन.’

• संकेत डोळ्यांना दिसू द्या. उद्याचं पुस्तक रात्रीच हव्या त्या पानावर उघडून टेबलावर ठेवा.

एका वेळी एकच वाक्य ठरवा आणि ते कागदावर लिहा. एकदम दहा संकेत ठरवले, तर एकही धड पाळला जात नाही.

सवय किती दिवसांत लागते?

‘२१ दिवसांत सवय लागते’ असं सोशल मीडियावर वारंवार वाचायला मिळतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्या-पिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडण्याचा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे एक दिवस बुडाला म्हणून सगळं सोडू नका. दुसऱ्या दिवशी तोच संकेत पुन्हा पकडा.

हे कुठे पुरत नाही?

संकेत फक्त सुरुवात करून देतो. धडाच समजत नसेल, तर शिक्षकांना किंवा मित्रांना विचारावं लागेल. आणि कित्येक आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ती निव्वळ चालढकल नसू शकते. अशा वेळी घरच्यांशी बोला किंवा १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर फोन करा. ही सेवा मोफत आहे.