दोनशे फेऱ्यांची लढाई

गेल्या दिवाळीत अकोल्याला ताईकडे सगळी भाचरं जमली होती. मी मोठ्या उत्साहानं २० बाजूंचे फासे बाहेर काढले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला, तेव्हापासूनचं हे खूळ.

म्हटलं, राक्षस-बिक्षस कशाला, आपल्याच जिल्ह्यातली लढाई खेळू. अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३. एकीकडे नागपूरकर भोसले आणि शिंद्यांचं सैन्य, दुसरीकडे आर्थर वेलस्लीची फौज. पोरं खूश! पण दोन तासांनी धाकटा म्हणाला, "मामा, हे लोक मरून काहून नाही राहिले?" थोरला तर केव्हाच मोबाइल घेऊन गच्चीवर गेला होता.

चूक माझीच होती. या खेळात एक फेरी साधारण ६ सेकंदांची असते. म्हणजे २० मिनिटांच्या झुंजीला २०० फेऱ्या, आणि आमची एक फेरी संपायला दहा मिनिटं. प्रत्येक वार मोजायला बसलो तर पुढची दिवाळी यायची..

गंमत म्हणजे हे दुखणं जुनंच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर युद्धाचा खेळ खेळत. त्याचे नियम आणि कोष्टकं इतकी किचकट, की खेळ रेंगाळायचा. शेवटी १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा नावाच्या अधिकाऱ्यानं कोष्टकं बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला.

मग मी पुन्हा अडगावकडे वळलो. वेलस्लीची माणसं सकाळपासून चालून थकलेली, लढाईला तोंड फुटलं ते दुपार कलल्यावर. समोरून तोफा सुरू होताच त्याच्या काही पलटणी पाठ फिरवून पळाल्या. त्यानं स्वतः जाऊन त्यांना परत उभं केलं. पुढे भोसल्यांची फळी फुटली तेव्हा सूर्य मावळायला जेमतेम २० मिनिटं होती, आणि पाठलाग झाला चांदण्यात. म्हणजे लढाईचा निकाल लागतो तो सगळे मेल्यावर नाही, धीर सुटल्यावर. आमच्या खेळात धीर मोजायला जागाच नव्हती!

भाऊबीजेला पुन्हा बसलो. थोरल्याला कसंबसं गच्चीवरून खाली आणलं. या वेळी गाविलगड, चिखलदऱ्याजवळचा. भाचरं किल्ल्याच्या आत, वेलस्ली बाहेर. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी डोंगरातून सुमारे ३० मैल वाट करत तोफा हातांनी ओढून आणल्या होत्या. ७ ते १२ तारीख त्यातच गेली. मी प्रत्येक दिवसाला एकच प्रश्न विचारला: तोफा जवळ येताहेत, तुम्ही काय करता? पोरं अक्षरशः कुजबुजत बोलत होती. १३ ला तोफा सुरू, १५ ला सकाळी हल्ला. प्रत्यक्ष झुंज मी चार फेऱ्यांत आटोपली. फळी फुटली की धीराचा फासा, बस.

फासा पडला २. थोरला पटकन म्हणाला, "मामा, बायापोरांना घेऊन वायव्य दरवाज्यानं निघतो."

माझा हात थांबला. त्या दिवशी काही जण खरंच त्या दरवाज्यानं निघाले होते, आणि खाली इंग्रजांची तुकडी उभी होती. कुणाला सुटू दिलं नाही. किल्लेदार बेनीसिंगही आतल्या लढाईत पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं.

मी फासा टाकलाच नाही. काय झालं होतं ते तेवढं सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, ताईनं चहा आणला तरी. वेग, वेग म्हणून मी जे शोधत होतो, त्यात असं थांबणंही येतं हे मला त्या शांततेत कळलं.

थोरल्यानं फासे गोळा करून डबीत ठेवले. "तो दरवाजा अजून हाय का मामा?"

हिवाळा संपायच्या आत जाऊ म्हटलंय. असो.