केन थॉम्पसन

केनेथ लेन थॉम्पसन (जन्म: ४ फेब्रुवारी १९४३, न्यू ऑर्लिन्स, लुईझियाना) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आहेत. युनिक्स ही कार्यप्रणाली त्यांनी डेनिस रिची यांच्यासह विकसित केली. बी ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यांनी तयार केली. यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतन पद्धत आणि गो ही प्रोग्रॅमिंग भाषा यांचे ते सहनिर्माते आहेत. हवे ते साधन स्वतः घडवावे आणि वापरता वापरता सुधारावे, ही त्यांच्या कामाची पद्धत राहिली.

शिक्षण

थॉम्पसन यांना बालपणापासून तर्कशास्त्राची ओढ होती. प्राथमिक शाळेत असतानाच ते केवळ आवडीपोटी द्विमान पद्धतीने गणिते सोडवत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या विषयांत १९६५ मध्ये पदवी आणि १९६६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच वर्षी ते न्यू जर्सीतील बेल लॅब्समध्ये रुजू झाले.

युनिक्स

बेल लॅब्समध्ये ते मल्टिक्स या मोठ्या कार्यप्रणालीच्या प्रकल्पात काम करत होते. १९६९ मध्ये संस्थेने या प्रकल्पातून अंग काढून घेतले. ग्रहमालेतील प्रवासावर आधारलेला 'स्पेस ट्रॅव्हल' हा खेळ थॉम्पसन यांनी तयार केला होता. मात्र मोठ्या संगणकावर तो चालवणे खर्चिक होते. म्हणून त्यांनी फारसा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या लहान संगणकासाठी तो नव्याने लिहिला. सुरुवातीला प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर तयार करून छिद्रित कागदी पट्टीवरून पीडीपी-७ वर आणावे लागत. या कामातून त्या यंत्राची ओळख झाल्यावर थॉम्पसन यांनी काही आठवड्यांत कार्यप्रणालीचा गाभा, शेल, मजकूर-संपादक आणि असेंब्लर लिहिले. त्यानंतर पीडीपी-७ साठीचे प्रोग्रॅम त्याच यंत्रावर तयार करता येऊ लागले. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा रिची यांच्या सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे पुढे ही प्रणाली वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांवर नेणे सोपे झाले.

बुद्धिबळयंत्र

थॉम्पसन यांची निर्मिती सॉफ्टवेअरपुरती मर्यादित नव्हती. जो कॉन्डन यांच्यासह त्यांनी केवळ बुद्धिबळासाठी विशेष विद्युतमंडले असलेले 'बेल' हे यंत्र बनवले. १९८० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे झालेली संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा या यंत्राने जिंकली. १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवणारे ते पहिले यंत्र ठरले.

यूटीएफ-८ आणि देवनागरी

सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात यूटीएफ-८ चा आराखडा तयार केला. काही दिवसांतच त्यांनी प्लॅन ९ ही कार्यप्रणाली या पद्धतीवर आणली. या पद्धतीत इंग्रजी अक्षरे पूर्वीप्रमाणेच एका बाइटमध्ये राहतात, तर इतर लिप्यांच्या चिन्हांना दोन ते चार बाइट लागतात. देवनागरीच्या मुख्य युनिकोड संचातील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात तीन व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे असल्याने तो १५ बाइटमध्ये साठवला जातो. आज मराठीसह बहुतेक भाषांतील संकेतस्थळे याच पद्धतीचा वापर करतात.

विश्वासाचा प्रश्न

थॉम्पसन आणि रिची यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुरस्कार-व्याख्यानात थॉम्पसन यांनी कंपायलरमध्ये छुपी फट कशी ठेवता येते, हे दाखवले. असा कंपायलर प्रवेशपडताळणीच्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट घालतो. स्वतःची नवी आवृत्ती तयार करतानाही तो तीच युक्ती तिच्यात उतरवतो. परिणामी मूळ संहितेत काहीही आक्षेपार्ह नसतानाही धोका कायम राहतो. जी संहिता आपण स्वतः संपूर्णपणे लिहिलेली नाही, तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. परंतु कोणीही आपली सर्व साधने स्वतः घडवू शकत नाही. म्हणूनच संगणक सुरक्षेच्या अभ्यासात हे व्याख्यान आजही महत्त्वाचे मानले जाते.

उत्तरकाळ

२००० मध्ये थॉम्पसन बेल लॅब्समधून निवृत्त झाले. २००६ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले. तेथे रॉबर्ट ग्रीझमर आणि पाइक यांच्यासह त्यांनी रचलेली गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. २०११ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना जपान पारितोषिक देण्यात आले.