व्यवसाय शिक्षणातील उद्योगांचा सहभाग (महाराष्ट्र)

व्यवसाय शिक्षणातील उद्योगांचा सहभाग म्हणजे कारखाने, कार्यशाळा व व्यापारी आस्थापनांनी प्रशिक्षणार्थींना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकविणे आणि प्रशिक्षण संस्थांच्या कारभारात भाग घेणे होय. भारतात त्याचा मुख्य कायदेशीर आधार शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा आहे. जेथे उद्योग थोडे आहेत, तेथे स्वयंरोजगार व उद्योजकता प्रशिक्षण यांना पूरक महत्त्व येते.

कायदेशीर तरतुदी

२०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांसह एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घ्यावे लागतात. ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी ही बाब ऐच्छिक आहे. उमेदवारास दरमहा विद्यावेतन मिळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र शासन त्याचा काही भाग उचलते.

संस्थांचा कारभार

वीजतंत्री, जोडारी, संधाता, तारतंत्री इत्यादी व्यवसायांचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून (आयटीआय) दिले जाते. २००७-०८ पासून केंद्राच्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेत देशातील १,३९६ शासकीय संस्थांची निवड झाली. अशा प्रत्येक संस्थेसाठी उद्योग प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती नेमण्यात आली व समितीस २.५ कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची तरतूद होती.

जर्मनीतील द्विस्तरीय पद्धतीत विद्यार्थी आठवड्याचे बहुतेक दिवस कंपनीत व उरलेले दिवस शाळेत शिकतो. तेथे व्यवसाय शिक्षणाचा स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये झाला असून परीक्षा उद्योग-व्यापार मंडळे व कारागीर मंडळे घेतात.

ग्रामीण तालुक्यांतील स्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हा सातपुड्याच्या पायथ्याचा, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचा शेतीप्रधान तालुका आहे. जिल्ह्यात खामगाव व मलकापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा तालुक्यांत वाहनदुरुस्ती, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग यांची दुकाने बहुधा दोन-चार माणसांवर चालतात. त्यामुळे कायद्याची सक्ती त्यांना लागू होत नाही. कापसाशी निगडित जिनिंगचे काम हंगामी असल्याने तेथे वर्षभराची उमेदवारी बसविणे कठीण जाते. परिणामी आयटीआय उत्तीर्ण उमेदवारास दूरच्या शहरात जावे लागते. तेथे विद्यावेतनातील मोठा वाटा निवास व भोजनावर खर्च होतो.

उद्योजकता विकास

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना १९८८ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. २०१९ मध्ये राज्याने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज स्वीकारले जातात आणि बँक कर्जाच्या जोडीला प्रकल्प किमतीच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. तथापि, कारागिरी येणे आणि दुकान चालविता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. हिशेब, दरआकारणी व उधारीची वसुली यांचा सराव चालू दुकानातच होतो. म्हणून लहान आस्थापनांतील उमेदवारी स्वयंरोजगाराची पूर्वतयारीही ठरते.